सकाळच्या खुर्चीत दुपारचे ठोके

आमच्या घरात लिंबू-मिरची येते ती फक्त लोणच्यासाठी. दाराला बांधायला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी 'काकू, कुठल्या महाराजांकडे जाता?' असं विचारायला नको. मी कुठेही जात नाही. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत मी पी.टी.ची शिक्षिका होते, आता रिटायर झाले. पोटात दुखतंय म्हणून ग्राउंड चुकवणाऱ्या मुलींतली खरी कोण आणि नाटकी कोण, हे मी चेहरा बघून सांगायचे. कॅम्पमध्ये भुताच्या गोष्टी मीच रंगवून सांगायचे आणि मुली पांघरुणात शिरल्या की मीच हसायचे. तरीही हे लिहायला बसले आहे, कारण घडलं ते माझ्या बाबतीत घडलं... आणि ते नाकारणं म्हणजे स्वतःलाच खोटं पाडणं झालं.

रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, मी संशोधनात जाते. हसू नका. कॉलेजात, युनिव्हर्सिटीत मानसशास्त्राची, आरोग्याची संशोधनं चालू असतात आणि त्यांना माणसं लागतात. तुमच्याआमच्यासारखी साधी माणसं. आणि नेमकी तीच मिळत नाहीत. कॉलेजच्या बोर्डावर सूचना लावलेल्या असतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतात, आपण ते 'शुभ सकाळ'च्या गुलाबांखाली गाडून टाकतो. मी नाही गाडत. झोपेच्या अभ्यासात मी होते, चालण्याच्या अभ्यासात मनगटाला पट्टा बांधून सोमेश्वरच्या देवळापर्यंत जाऊन यायचे, शब्द लक्षात ठेवायच्या चाचणीलाही बसले. (त्यात माझा नंबर कितवा आला ते सांगत नाहीत, तसा नियम आहे. पण मला अंदाज आहे.) काय करणार, कशासाठी करणार, हे आधी नीट समजावून सांगतात. पटलं तर बसायचं. मध्येच नको वाटलं तर उठून जायचं, 'का?' म्हणून कोणी विचारत नाही. एवढं स्वातंत्र्य मला सासरीसुद्धा कधी मिळालं नाही.

तर गंगापूर रोडला आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर ऋतुजा राहते. कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि पीएच.डी. करते. एक दिवस लिफ्टमध्ये भेटली, चेहरा उतरलेला. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "काकू, मला जावा मिळत नाहीयेत."

तिचा विषय असा होता — आपल्या शरीराच्या आत काय चाललंय ते माणसाला कितपत जाणवतं? ही जाणीव रक्तातून येते, की एका घरात, एका चुलीवर राहून येते? म्हणून तिला चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या जोड्या हव्या होत्या. काही सख्ख्या बहिणींच्या, आणि काही जावा-जावांच्या. जावा म्हणजे घर एक, रक्त वेगळं. बहिणी तिला भराभर मिळाल्या. पण कुठलीही बाई जावेबरोबर एका जोडीत नाव द्यायला तयार होईना.

"मला एक जाऊ आहे," मी म्हटलं. "पण ती माझ्याशी बोलत नाही."

"चालेल," ऋतुजा इतक्या आनंदाने म्हणाली की मला जरा वाईटच वाटलं.

माझ्या धाकट्या जावेचं नाव मंगल. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे, ती माझे दीर, म्हणजे दिलीप भाऊजी आणि मंगल बघतात. आम्ही दोघं नवरा-बायको पुढे नोकऱ्यांमुळे नाशिकला आलो तरी लग्नानंतरची बरीच वर्षं मी आणि मंगलने त्या घरात एकत्र काढली होती. भांडलो, पण बोलत होतो. अबोला झाला तो गौरींवरून. सासूबाई गेल्यावर गौरी कुठे बसवायच्या हा प्रश्न आला. मान थोरल्या सुनेचा, म्हणून मी मुखवटे नाशिकला घेऊन आले. मंगलचं म्हणणं, इतकी वर्षं सासूबाईंबरोबर गौरी तिनेच सजवल्या, तर त्या निफाडलाच राहायच्या. ती मळ्यात गेलेली असताना मी मुखवटे गाडीत ठेवले, याचा तिला जास्त राग. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं. समोरासमोर असलो तरी मधल्या माणसाला सांगायची, "त्यान्ला विचारा, भाजी वाढू का?" मी तिच्यापासून चार बोटांवर बसलेली! मीही मग ताटाकडे बघून म्हणायचे, "त्यांना सांगा, पुरे."

ऋतुजाने मंगलला परस्पर फोन केला. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. पण मी त्यात आहे हे कळल्यावर म्हणे लगेच विचारलं, "ताईन्ला जमतं ना? मंग मला काहून नाय जमायचं?" झालं. जोडी जमली.

ऋतुजाकडे खोली एक आणि मशीन एक. त्यामुळे जोडीतल्या एकीने सकाळी यायचं, दुसरीने दुपारी जेवणानंतर, आणि मध्ये भेटायचं-बोलायचं नाही. हा नियम ऐकून मला हसूच आलं. आमच्याइतका तो कोणी पाळला नसता. असं काही आठवड्यांच्या अंतराने तीनदा यायचं होतं. मी सकाळ घेतली.

काम सोपं होतं. छातीला स्टिकर लावून वायरी जोडायच्या, म्हणजे हृदयाचे ठोके कॉम्प्युटरवर उमटतात. आपण खुर्चीत डोळे मिटून बसायचं, नाडी धरायची नाही, आणि आतून ठोका जाणवेल तसं हातातलं बटण दाबायचं. नंतर ऋतुजा तुमची बटणं आणि तुमचे खरे ठोके शेजारी ठेवून बघणार. बऱ्याच लोकांचं जुळत नाही म्हणाली, ते अंदाजाने दाबतात. मी मनात म्हटलं, लोकांचं सोड, मी पी.टी.ची बाई आहे.

पहिल्या खेपेला डोळे मिटले आणि मला ठोके लख्ख लागले. गळ्याच्या खाली, आतून कोणी बोटाने टकटक करावं तसे. मी आरामात दाबत होते. मग एकदम एक ठोका आलाच नाही. मी बोट तसंच ठेवून थांबले... आणि दोन ठोके एकदम येऊन आदळले. परत सुरळीत. परत एक मोकळी जागा, आधीपेक्षा जरा लांब. म्हटलं, शैला, तुझं काहीतरी बिघडलं. पण मी जाणवेल तसं प्रामाणिकपणे दाबत राहिले.

झाल्यावर मी ऋतुजाला विचारलं, "माझं हृदय अडखळतंय का गं?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं. "छे हो काकू. एकदम एकसारखं आहे. मी डॉक्टर नाही, पण यात मला तरी कुठे खंड दिसत नाही." मग बटणांची रेघ पाहून जरा चाचरत म्हणाली, "तुमचं बटण मात्र... अजिबात जुळत नाहीये."

मला राग आला. मशीन तपास म्हटलं. तिने दुसऱ्या वायरी लावून पाहिल्या, मशीन ठीक होतं. मी घरी आले आणि ह्यांना काही सांगितलं नाही, कारण हे आठवडाभर चिडवत बसले असते.

पुढच्या आठवड्यात ऋतुजा संध्याकाळी घरी आली. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली, म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

"काकू, दुसऱ्या कोणाचं मी तुम्हाला सांगायला नको, नियमात बसत नाही. पण मला झोप लागत नाहीये. तुमची बटणं तुमच्या ठोक्यांशी जुळत नाहीत, पण मंगलकाकूंच्या ठोक्यांशी जुळतात. एकूण एक. त्यांच्या ठोक्यांत मध्ये मध्ये खंड आहे... तिथे तिथे तुम्ही थांबला आहात."

"मग फाईल बदलली असेल," मी ताबडतोब म्हटलं.

"माझ्या गाईड सरांनाही तेच वाटलं. मला खूप बोलले. सगळं परत तपासलं, फाईल बदललेली नाही." तिने खुर्ची जवळ ओढली. "आणि काकू, तुम्ही बसलात सकाळी. मंगलकाकू आल्या दुपारी. तुम्ही दाबलंत तेव्हा ते ठोके अजून पडलेच नव्हते."

मी तिला समजावलं. हो, मीच तिला समजावलं! योगायोग असतो, कॉम्प्युटर असतो, घड्याळ चुकतं. पुढच्या खेपेला मी नीट दाबून दाखवते, मग तुझ्या डोक्यातलं हे जाईल. मंगलचं काय, एवढं मात्र विचारलं. तर सरांनी तिला स्वतः फोन करून सांगितलं होतं की हे दवाखान्याचं मशीन नाही, तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. ती 'हो हो' म्हणाली होती. माल तोडणीला आलेला असताना मंगलचं 'हो हो' म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. अधूनमधून चक्कर येते असं भाऊजींनी ह्यांना सांगितलंही होतं, आणि वर स्वतःच ठरवून टाकलं होतं की उन्हानं येते.

दुसऱ्या खेपेला मी छाती पुढे काढून गेले. खोलीच्या खिडकीतून ग्राउंड दिसत होतं, मुली थ्रोबॉल खेळत होत्या. त्यातल्या एकीची सर्व्हिस चुकत होती, तीही मी खिडकीतून ओरडून सुधारली. मग खुर्चीत बसले, वायरी लागल्या, डोळे मिटले.

ठोके लागले. पण या वेळी सुरुवातीपासूनच ओढल्यासारखे. एक... मग मोकळी जागा. दोन घाईघाईने. परत मोकळी जागा. मी दाबत होते. मग ते बारीक होत गेले, कोणी जिना उतरत खाली चाललंय असे. आणि थांबले.

मी बोट बटणावर ठेवून वाट बघत होते. मुलींचा आरडाओरडा ऐकू येत होता, पंख्याचा आवाज येत होता. आत काही नाही. मी श्वास धरला, सोडला. काही नाही. जिवंत माणसाच्या आत इतकी शांतता असू शकते हे मला माहीत नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण मी वेळ संपेपर्यंत बसले. एकदा तरी येईल म्हणून बसले. आला नाही.

"काकू, दाबायचं का थांबवलंत?" ऋतुजाने विचारलं. तिच्या स्क्रीनवर माझं हृदय धडधड पळत होतं.

"ठोकेच नाहीत," मी म्हटलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आता आम्हा दोघींनाही दुपारी त्या खुर्चीत कोण बसणार ते माहीत होतं.

"मी आज दुपारचं रद्द करते," ऋतुजाने फोन हातात घेतला. "त्यांना यायलाच नको सांगते."

इथे माझ्यातली पी.टी.ची बाई जागी झाली. "खुर्ची रद्द करशील गं, दुपार कशी रद्द करशील? ती खुर्चीत नसली तर मळ्यात असेल. रस्त्यात असेल. आता निफाडहून निघाली असेल ना? मग दुपारी ती हॉस्पिटलात असली पाहिजे. एवढंच." माझा या प्रकारावर विश्वास होता का? नव्हता. पण ती शांतता मी ऐकली होती आणि मला दुपारपर्यंत थांबून खरं-खोटं करायचं नव्हतं.

वायरी ओढून काढल्या, रिक्षा केली आणि निफाडची बस येते ते निमाणी स्टँड गाठलं. रस्ताभर विचार करत होते की तिला सांगू काय? 'मंगल, आज दुपारी तुझं हृदय बंद पडणार आहे'? ती म्हणाली असती, ताईन्ला माझ्या पुढं नंबर काढायचाय, म्हणून मला भ्या दाखवतात. तशीच परतीच्या बसने निघून गेली असती. जबरदस्ती करावी तर ती माझ्यापेक्षा दणकट, रोज पेट्या उचलते.

बस लागली. मंगल उतरली, हातात द्राक्षांची पिशवी, ऋतुजासाठी असणार. मला बघितलं आणि मान फिरवून चालू लागली. मी तिच्या समोर गेले. आणि छातीवर हात दाबून खांबाला टेकले.

आमच्या गणेश मंडळाच्या नाटकांत मी कामं केली आहेत, पण असं कधी जमलं नव्हतं.

"दुखतंय," मी म्हटलं. खांबालाच म्हटलं, अबोला होता ना.

पिशवी दाणकन खाली पडली. "ताई!" किती दिवसांनी ऐकला तो शब्द. "ताई, काय होऊ ऱ्हायलंय? इथं दुखतंय का? घाम आला का? ओ रिक्षावाले, इकडं घ्या! अहो इकडं!"

मला धरून तिने रिक्षात बसवलं. माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, एका हाताने पदराने वारा घालत होती, दुसऱ्या हाताने रिक्षावाल्याच्या पाठीवर थापा मारत होती. "दादा, लय हळू चालवता तुम्ही! दवाखान्यात न्या, मोठ्या." मला म्हणाली, "ताई, डोळे उघडे ठेवा. मी हाय ना. काय नाय होत." मी डोळे मिटले, कारण ते भरले होते. सोंग मी करत होते आणि रडूही मलाच येत होतं.

मुंबई नाक्याजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तिने मला आत घातलं. कॅज्युअल्टीत माझा ईसीजी निघाला. तरुण डॉक्टर होता, म्हणाला, "आजी, तुमचं उत्तम आहे. काळजीचं काही कारण दिसत नाही." आजी म्हणाला ते मी त्या दिवशी सोडून दिलं.

मी कॉटवर उठून बसले. "डॉक्टर, आता हिचा काढा."

मंगल माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा लाल झाला. "सोंग केलं व्हय? मी तिकडं देव पाण्यात घालून बसले अन् तुम्ही सोंग केलं?"

"मंगल, तुला चक्कर येते. कॉलेजच्या सरांनी सांगितलं होतं. फक्त एकदा पड इथे."

"गौरी बी अशाच नेल्या तुम्ही! मी मळ्यात गेले ते बघून! तुम्हाला सगळं असंच चोरून पाहिजे!" आख्खी कॅज्युअल्टी आमच्याकडे बघत होती. तिने पदर खोचला आणि दाराकडे निघाली. भिंतीवरच्या घड्याळात जेवणाची वेळ टळून गेली होती.

मी पळत जाऊन दारात उभी राहिले. शाळेत मुलींना अडवायचे तशी, दोन्ही हात पसरून. "गौरी घेऊन जा," मी म्हटलं. "कायमच्या. दरवर्षी निफाडलाच बसव. मी येईन आणि तू सांगशील ते करीन, तू म्हणशील तर कांदे चिरत बसेन. पण आत्ता या कॉटवर पड. मला तू पाहिजेस मंगल. मला दुसरी जाऊ नाहीये."

ती थबकली. "कायमच्या?"

"कायमच्या."

"समद्यांसमोर म्हन्ता?"

"या सिस्टर साक्षीला आहेत."

त्या सिस्टरने गंभीरपणे मान हलवली. देव तिचं भलं करो. मंगलने माझ्याकडे शेवटचं एकदा डोळे बारीक करून पाहिलं, चपला काढल्या आणि कॉटवर आडवी झाली. "मंग काढा," ती डॉक्टरला म्हणाली. "यान्चं समाधान होऊ द्या."

स्टिकर लागले. स्क्रीनवर रेघ सुरू झाली. मी ती वाचू शकत नाही, पण आवाज येत होता आणि तो मला पाठ होता. एक... मोकळी जागा. दोन घाईघाईने. मोकळी जागा. डॉक्टर पुढे वाकला. त्याने सिस्टरला काहीतरी आणायला सांगितलं, सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. मग ठोके बारीक होत गेले... जिना उतरल्यासारखे.

"डॉक्टर, आता थांबेल," मी म्हटलं.

आणि थांबलं.

मंगलचे डोळे वर गेले. पुढचं मला तुटक आठवतं. पडदा ओढला, कोणीतरी मला बाहेर ढकललं, आतून पळापळ, कोणी मोठ्याने मोजत होतं. मी भिंतीला धरून उभी होते. मला कुठलाही मंत्र येत नाही, म्हणून मी नुसतं तिचं नाव घेत होते. मग पडद्यामागून सिस्टरचा आवाज आला, "आला, सर, आला!"

मंगलला पेसमेकर बसवला. आता ती ठणठणीत आहे. मोठे डॉक्टर भाऊजींना म्हणाले, हे घरी किंवा मळ्यात झालं असतं तर हातात काही राहिलं नसतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं ताई, नेमकं आजच तुमच्या छातीत दुखलं." मी म्हटलं, हो ना.

आता स्पष्टीकरण. माझा मुलगा म्हणतो, आई, तुला तिचा फिकट चेहरा मनात कुठेतरी जाणवला असेल. बाळा, तिचा चेहरा मी कित्येक महिने नीट पाहिलाच नव्हता. ऋतुजाचे सर म्हणाले योगायोग, आणि आमची दोघींची जोडी त्यांनी संशोधनातून वगळून टाकली. माझ्या इतक्या कष्टाने दिलेल्या ठोक्यांचं हे केलं! त्र्यंबकचे आमचे एक नातेवाईक म्हणाले, शांत करून घ्या. मी म्हटलं, मी शांतच आहे. मला स्वतःला विचाराल तर मला माहीत नाही. मी खूप विचार केला, जमेल तेवढं वाचलं, ऋतुजाला भंडावून सोडलं. दुपारी पडणारे ठोके सकाळी दुसऱ्या बाईच्या बोटाखाली कसे येतात, याचं उत्तर माझ्याकडे नाही, तिच्याकडे नाही, कोणाकडेच नाही. कॉलेजच्या बोर्डाकडे मात्र मी अजूनही बघते आणि तुम्हीही बघा. माझ्या जावेचा जीव एका संशोधनाने वाचवला, बाकी तुम्ही त्याला काय नाव द्यायचं ते द्या. गौरी निफाडला गेल्या. मान थोरल्या सुनेचाच असतो हे माझं मत आजही कायम आहे, पण दिलेला शब्द म्हणजे शब्द.

एक सांगायचं राहिलं.

बरी झाली तरी मंगल पहिल्यासारखी राहिली नव्हती. सारखा छातीवर हात. मळ्यात एकटी जाईना, न्हाणीघराला आतून कडी लावेना. भाऊजी मला फोनवर म्हणाले, "वहिनी, मशीन बसवलं तरी ती मरणाची वाट बघत बसल्यासारखी बसती." मग एक दिवस ती आपणहून नाशिकला आली आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "ताई, तुमची तिसरी खेप राहिली ना?"

"आपल्याला काढून टाकलंय गं त्यातून."

"राहिली तर हाय. तुम्ही परत एकदा बसा त्या खुर्चीत. मला आज दुपारचं सांगा."

मी नाही म्हटलं. मी घाबरले होते, सरळ सांगते. तिथे परत ती शांतता लागली तर मी बाहेर येऊन हिला काय सांगू? पण ती माझ्याकडे बघत होती. रिक्षात माझं डोकं खांद्यावर घेणारी बाई होती ती. मी ऋतुजाला फोन केला.

अभ्यासासाठी नाही, सरांना विचारून, मोकळ्या वेळेत ऋतुजाने खोली उघडली. मंगल बाहेर बाकावर बसली, दाराकडे तोंड करून. मी खुर्चीत बसले. ऋतुजाने बटण हातात दिलं.

मी डोळे मिटले. आधी काहीच लागेना. ग्राउंडवरचा आवाज, पंखा. मी मनात म्हटलं, मंगल, ये. आणि मग गळ्याच्या खाली टकटक झाली. एक. मी दाबलं. मी मोकळ्या जागेची वाट बघत होते, ती आली नाही. दुसरा आला. तिसरा आला. सरळ, ठाम, एकामागे एक, कुठेही न अडखळता. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मी दाबत होते.

"काकू, वेळ झाली," ऋतुजा हळूच म्हणाली.

मी बोट उचललं नाही.

"काकू... झालं."

"थांब गं जरा," मी बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. "अजून चालू आहे."